ड्राय नीडलिंग म्हणजे काय? दुखापतग्रस्त खेळाडूंना त्याचा किती उपयोग होतो?

ड्राय नीडलिंग ही फिजिओथेरपीत वापरली जाणारी एक उपचारपद्धती आहे. तिच्यात केसासारखी बारीक, भरीव सुई त्वचेतून थेट आखडलेल्या किंवा दुखऱ्या स्नायूत टोचली जाते. या सुईतून कोणतेही औषध शरीरात सोडले जात नाही. वेदना कमी करणे, स्नायूचा ताठरपणा घालवणे आणि सांध्याची हालचाल मोकळी करणे हा तिचा उद्देश असतो.

क्रिकेट, फुटबॉल, अ‍ॅथलेटिक्स, कबड्डी अशा खेळांत दुखापत झालेल्या खेळाडूंसाठी ही पद्धत आता सर्रास वापरली जाते. शहरांतील अनेक फिजिओथेरपी केंद्रांच्या पाट्यांवर तिचे नाव दिसते. काही खेळाडूंना एकाच बैठकीत बराच आराम पडतो, तर काहींना फरक जाणवत नाही. ही सुई नेमके काय करते, काय करू शकत नाही आणि ती टोचून घेण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात पाहू.

'ड्राय' हे नाव का पडले?

सांधेदुखीत किंवा स्नायूदुखीत डॉक्टर पोकळ सुईतून स्टेरॉइड किंवा बधिरीकरणाचे औषध देतात. त्यात द्रव शरीरात जातो. ड्राय नीडलिंगमध्ये असा कोणताही द्रव नसतो, म्हणून ती 'कोरडी' सुई. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिचे टोक तिरके कापलेले असते. ही सुई मात्र भरीव आणि निमुळत्या टोकाची असते. तिची जाडी साधारणपणे ०.२५ ते ०.३० मिलिमीटर असते. लांबी स्नायूच्या खोलीप्रमाणे निवडतात; मानेसाठी आखूड, कुल्ल्याच्या जाड स्नायूसाठी लांब. सुया स्टीलच्या, निर्जंतुक आणि एकदाच वापरून टाकून देण्याच्या असतात.

या पद्धतीची सुरुवात कशी झाली?

१९३०च्या दशकाच्या अखेरीस जॉन केलग्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्नायूंत खारे पाणी टोचून काही प्रयोग केले. स्नायूतील एका जागी निर्माण झालेली वेदना तिथून दूर, भलत्याच ठिकाणी जाणवू शकते, हे त्यांतून दिसले. पुढे अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दुखऱ्या जागांचा आयुष्यभर अभ्यास केला. 'ट्रिगर पॉइंट' ही संज्ञा त्यांच्यामुळे रूढ झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले होते आणि १९६१ मध्ये त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ट्रिगर पॉइंटवरील ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या विषयाचा पाया ठरला.

ट्रॅव्हेल मात्र प्रामुख्याने औषधाची इंजेक्शने देत असत. औषधाशिवाय नुसत्या सुईनेही वेदना कमी होते, याकडे लक्ष वेधले ते चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी. १९७९ मध्ये त्यांनी २४१ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ८७ टक्के ठिकाणी सुई टोचताच वेदना थांबल्याचे नोंदवले होते. त्यांचे म्हणणे असे की परिणाम औषधाचा नसून सुईचा आहे, आणि सुई नेमक्या दुखऱ्या बिंदूवर लागली तरच तो मिळतो. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे आजच्या निकषांवर तो पक्का पुरावा ठरत नाही. पण पुढच्या संशोधनाला दिशा त्यातून मिळाली. त्याच सुमारास कॅनडातील डॉ. चॅन गन यांनी चेताविकाराच्या अंगाने सुईउपचाराची आपली वेगळी पद्धत विकसित केली.

ट्रिगर पॉइंट म्हणजे काय?

खांद्यावर, मानेजवळ किंवा पोटरीत बोटाने दाबून पाहिले तर कधी कधी ताठ दोरीसारखा पट्टा लागतो आणि त्यात एखादी जागा विशेष दुखते. बोलीभाषेत आपण तिला 'गाठ' म्हणतो. हाच ट्रिगर पॉइंट. तो दाबल्यावर वेदना तिथेच न राहता इतरत्र पसरू शकते. उदाहरणार्थ, खांद्याच्या पात्यावरील स्नायूतील बिंदू दाबला की दंडाच्या पुढच्या बाजूला दुखते; कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूतील बिंदूची कळ मांडीतून खाली उतरते. त्यामुळे दुखते एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, असे होते.

खेळाडूंमध्ये असे बिंदू मुख्यतः तीन कारणांनी तयार होतात असे मानले जाते: स्नायूवर अचानक पडलेला ताण, त्याच त्या हालचालीची सतत पुनरावृत्ती, आणि दुखापत झालेला भाग जपताना बाजूच्या स्नायूंवर येणारा जादा भार. घोटा मुरगळलेला खेळाडू काही आठवडे लंगडत चालतो. घोटा बरा होतो, पण पोटरी आणि कुल्ल्याचे स्नायू आखडलेलेच राहतात. त्याला 'अजून दुखतेच आहे' असे वाटत राहते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. ट्रिगर पॉइंटबद्दल तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. अशा बिंदूंभोवती वेदनेशी संबंधित रसायनांचे प्रमाण जास्त असल्याचे अमेरिकेतील संशोधकांना आढळले आहे. दुसरीकडे, दोन तपासणाऱ्यांना एकाच रुग्णात तोच बिंदू सापडेलच असे नाही, यावर टीकाकार बोट ठेवतात. वेदनेचे मूळ स्नायूत नसून चेतासंस्थेत असावे, असेही काहींचे मत आहे. स्नायू दुखतो आणि दाबल्यावर तो बिंदू लागतो, याबद्दल वाद नाही; वाद आहे तो त्यामागच्या कारणाबद्दल.

सुई टोचल्यावर शरीरात काय होते?

सुई नेमक्या जागी लागली की स्नायूचा तेवढा पट्टा क्षणभर आपोआप उडतो. पापणी फडफडावी तसा हा झटका असतो. रुग्णाला त्या वेळी गोळा आल्यासारखी तीव्र पण क्षणिक कळ जाणवते. अनेक फिजिओ हा झटका म्हणजे योग्य जागा सापडल्याची खूण मानतात. तो न येताही आराम पडू शकतो.

त्यानंतरच्या परिणामांची स्पष्टीकरणे अशी दिली जातात:

- स्नायू आणि चेतातंतू जिथे जुळतात तिथली अनावश्यक विद्युत हालचाल कमी होते आणि आखडलेला पट्टा सैल पडतो.
- सुईभोवतीचा रक्तपुरवठा काही काळ वाढतो.
- सुईची संवेदना मज्जारज्जूत पोहोचते आणि तिथे वेदनेचे संदेश दबले जातात.
- मेंदू शरीरातीलच वेदनाशामक द्रव्ये सोडतो.

याशिवाय अपेक्षेचाही वाटा असतो. उपचार 'जोरदार' वाटला की आराम पडल्याची भावना वाढते. सुईच्या बाबतीत हा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते, कारण सुई टोचली की नाही हे रुग्णाला कळतेच.

अ‍ॅक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंग एकच आहे का?

सुई जवळपास तीच असते, विचार वेगळा असतो. अ‍ॅक्युपंक्चर ही पारंपरिक चिनी वैद्यकातून आलेली पद्धत आहे. तिच्यात शरीरातील ऊर्जामार्ग आणि त्यांवरील ठरलेले बिंदू मानले जातात, आणि पचन, झोप, डोकेदुखी अशा अनेक तक्रारींवर उपचार होतात. ड्राय नीडलिंगमध्ये स्नायू, चेतातंतू आणि शरीररचना यांच्या आधारे जागा ठरते आणि उपचार स्नायू व सांध्यांच्या तक्रारींपुरता असतो. सुई कोणी टोचावी यावरून काही देशांत वादही आहेत. अमेरिकेत बहुतेक राज्यांत फिजिओथेरपिस्ट ड्राय नीडलिंग करू शकतात, पण कॅलिफोर्नियात त्यांना ती परवानगी नाही.

एक बैठक कशी असते?

आधी फिजिओ दुखापतीची पूर्ण माहिती घेतो, सांध्याची हालचाल आणि स्नायूची ताकद तपासतो. मग खेळाडूला पालथे, उताणे किंवा कुशीवर झोपवले जाते. बसवून सुई टोचणे शक्यतो टाळतात, कारण काहींना चक्कर येते. हात धुऊन, हातमोजे घालून, त्वचा स्वच्छ केली जाते. बोटांच्या चिमटीत स्नायू पकडून प्लॅस्टिकच्या छोट्या नळीतून सुई आत सोडली जाते. ती काही वेळा वरखाली हलवतात किंवा काही मिनिटे तशीच ठेवतात. कधी दोन सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडतात.

सुई काढल्यावर त्या जागी थोडा वेळ दाब दिला जातो. त्यानंतर लगेच हलका व्यायाम करून घेणे महत्त्वाचे असते. स्नायू सैल झालेला असतो, हालचाल वाढलेली असते आणि व्यायामाचा फायदा त्या वेळेत करून घ्यायचा असतो. पुढचे एक-दोन दिवस व्यायामशाळेत पहिल्यांदा घाम गाळल्यावर दुखते तसे अंग दुखू शकते. म्हणूनच सामन्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच सुई टोचून घेणे शहाणपणाचे नाही.

कोणत्या दुखापतींत उपयोग दिसला आहे?

*घोटा वारंवार मुरगळणे.* एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो, ही अनेक खेळाडूंची तक्रार. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा २७ जणांना दोन गटांत विभागले होते. दोन्ही गटांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम केले. एका गटाला पायाच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत सुयाही टोचल्या. उपचार संपल्यावर एक महिन्याने सुई घेतलेल्या गटाची वेदना आणि पायाचे काम दोन्ही अधिक सुधारलेले होते.

*गुडघ्याच्या एसीएलची शस्त्रक्रिया.* कबड्डीत पकड होताना किंवा फुटबॉलमध्ये अचानक वळताना गुडघ्यातील हे लिगामेंट तुटते. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि कमजोर होतो. २०१७ च्या एका चाचणीत ४४ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या व्यायामासोबत मांडीच्या स्नायूत सुई टोचली. त्यांचा गुडघा सुरुवातीच्या काळात जास्त वाकू लागला आणि दैनंदिन हालचालीही सुधारल्या. सुईनंतर लगेच वेदना वाढली, पण ती टिकली नाही.

*मान आणि खांदा.* गोलंदाज, भालाफेकपटू, जलतरणपटू आणि बॅडमिंटनपटू यांच्या खांद्याभोवतीचे स्नायू सतत ताणाखाली असतात. मान-खांद्याच्या स्नायूदुखीवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये घेतला गेला. खोट्या उपचाराच्या तुलनेत सुईने लगेच आणि चार आठवड्यांनंतर वेदना कमी झाल्याचे त्यात दिसले. हे अभ्यास बहुतेक सामान्य रुग्णांवरचे होते, खेळाडूंवरचे नव्हे.

*मांडीचा मागचा स्नायू.* इथे चित्र वेगळे आहे. गुडघेदुखी असलेल्या तरुणांवरील एका चाचणीत सुई आणि ताणाचे व्यायाम घेणाऱ्या गटाची लवचिकता नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली नाही.

एक अभ्यास विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. २०१३ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेले ४० रुग्ण निवडले. भूल दिल्यानंतर, शस्त्रक्रियेपूर्वी, निम्म्यांच्या पायात सुया टोचल्या. आपल्याला सुई टोचली की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणजे अपेक्षेचा परिणाम बाजूला पडला. सुई टोचलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच वेदनाशामके कमी लागली आणि महिनाभरानंतर वेदनाही कमी होती. मात्र तीन आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नव्हता.

संपूर्ण पुराव्याचे सार या निकालात उतरले आहे. सुईचा परिणाम निव्वळ मनाचा खेळ नाही, पण तो बहुधा अल्पकाळ टिकतो. २०१७ मधील आणखी एका मोठ्या आढाव्यानेही वेदना काही आठवड्यांपर्यंत कमी होते, पण शरीराचे काम सुधारण्यात इतर फिजिओथेरपी उपचारांपेक्षा सुई सरस ठरत नाही, असाच निष्कर्ष काढला.

वेदना गेली म्हणजे दुखापत बरी झाली का?

नाही. खेळाडूने, पालकाने आणि प्रशिक्षकाने सर्वाधिक ध्यानात ठेवण्याची गोष्ट हीच. सुई फाटलेला स्नायू शिवत नाही, तुटलेले लिगामेंट जोडत नाही आणि हाडाची चीर भरून काढत नाही. ती वेदनेचा आवाज कमी करते आणि हालचाल मोकळी करते. शरीराची दुरुस्ती आपल्या वेगानेच होते.

एसीएलचेच उदाहरण घ्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेमधील एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे परतण्याचा काळ आणि पुन्हा होणारी दुखापत यांचा संबंध पाहिला गेला. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटले. सहाव्या महिन्यात गुडघा अजिबात दुखत नसेल, तरी तो मैदानासाठी तयार झाला असे होत नाही. निवड चाचणी तोंडावर आली, पोलीस भरतीची धाव जवळ आली किंवा जिल्हा संघातली जागा जाण्याची भीती वाटली की 'एक सुई मारून खेळू' असा मोह होतो. वेदना ही शरीराची सूचना असते. ती दाबून पळाल्यास छोटी दुखापत मोठी होऊ शकते आणि एका स्पर्धेपायी अख्खा हंगाम गमवावा लागतो.

खेळात परत यायचे की नाही, हे दुखते की नाही यावर ठरवू नये. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी आहे का, एका पायावर उडी मारून नीट उतरता येते का, पूर्ण वेगाने धावता आणि वळता येते का, या चाचण्यांवर तो निर्णय घेतला जातो. सुईचा योग्य उपयोग इतकाच की तिने वेदना कमी झाल्यावर हे व्यायाम लवकर आणि नीट करता येतात.

धोके कोणते?

किरकोळ त्रास सर्रास होतो. अमेरिकेत फिजिओथेरपिस्टांनी नोंदवलेल्या २०,००० हून अधिक उपचारांच्या पाहणीत सुमारे ३७ टक्के वेळा थोडे रक्त येणे, काळेनिळे पडणे किंवा दुखणे असे त्रास झाले. गंभीर घटना एकूण २० होत्या, म्हणजे हजारात एक किंवा त्याहूनही कमी. आयर्लंडमधील साडेसात हजारांहून अधिक उपचारांच्या पाहणीत गंभीर घटना एकही नव्हती.

दुर्मीळ असला तरी सर्वांत मोठा धोका फुफ्फुसाला सुई लागण्याचा. मान, खांद्याचा वरचा भाग, पाठ आणि बरगड्यांच्या भागात फुफ्फुस त्वचेपासून फार दूर नसते, आणि सडपातळ खेळाडूंमध्ये हे अंतर आणखी कमी असते. फुफ्फुसाला छिद्र पडले तर हवा बाहेर साचते आणि फुफ्फुस आक्रसते. अमेरिकेचा स्कीपटू टोरिन येटर-वॉलेस याच्यावर सोची हिवाळी ऑलिम्पिकच्या काही महिने आधी, २०१३ मध्ये, हीच वेळ आली होती.

छातीत किंवा खांद्यात टोचल्यासारखे दुखणे, दम लागणे, कोरडा खोकला येणे ही त्याची लक्षणे आहेत. ती काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. अशा वेळी 'सुईचे दुखणे असेल' म्हणून वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे किंवा १०८ वर फोन करावा, आणि डॉक्टरांना सुईउपचार घेतल्याचे आवर्जून सांगावे. चेतातंतूला इजा आणि जंतुसंसर्ग हेही संभाव्य धोके आहेत.

कोणी टाळावे किंवा आधी डॉक्टरांना विचारावे?

- रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे आणि रक्त न गोठण्याचा आजार असलेले
- ज्यांच्या त्वचेवर त्या जागी जखम, पुरळ किंवा संसर्ग आहे
- गर्भवती महिला
- रोगप्रतिकारशक्ती कमी असलेले, तसेच मधुमेह आटोक्यात नसलेले
- पेसमेकर असलेले, विशेषतः सुईला विद्युतप्रवाह जोडणार असतील तर
- सुईची खूप भीती वाटणारे, आणि लहान मुले

ताजी दुखापत असेल, सूज वाढत असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर आधी तपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे किंवा एमआरआय. निदान होण्याआधी सुई टोचून घेऊ नये.

उपचार घेण्यापूर्वी काय विचारावे?

ड्राय नीडलिंगचे प्रशिक्षण अनेकदा पदवीनंतरच्या छोट्या अभ्यासक्रमांतून घेतले जाते. त्यामुळे पुढील प्रश्न विचारायला संकोच करू नका:

- आपली फिजिओथेरपीची पदवी आणि नोंदणी आहे का? महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे.
- सुईउपचाराचे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतले?
- माझ्या दुखापतीचे निदान काय आहे आणि सुईने नेमके काय साधायचे आहे?
- सुईसोबत व्यायामाचा कार्यक्रम कोणता असेल?
- किती बैठकांनंतर फरक पडला नाही तर थांबायचे?

सुईचे पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते का आणि वापरलेली सुई टोकदार कचऱ्यासाठीच्या पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकली जाते का, हेही पाहा. संमती घेणे आणि धोके सांगणे ही उपचार करणाऱ्याची जबाबदारी आहे. कितव्याही क्षणी 'थांबा' म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. जिममधला ट्रेनर, मालिशवाला किंवा संघातला अनुभवी खेळाडू सुई टोचायला तयार असेल, तर स्पष्ट नकार द्या.

उत्तेजकविरोधी नियमांत ते बसते का?

या सुईतून कोणतेही द्रव्य शरीरात जात नाही, त्यामुळे ती जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे 'वाडा'च्या बंदीच्या यादीत नाही. मात्र सुयांच्या वापराबाबत काही स्पर्धांचे आणि महासंघांचे स्वतःचे कडक नियम असतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०११ मध्ये अशा इंजेक्शनांवर निर्बंध आणले. म्हणून स्पर्धेच्या काळात सुईउपचार घ्यायचा असेल तर संघाच्या डॉक्टरांना कळवून, नोंद ठेवूनच घ्यावा.

थोडक्यात

- ड्राय नीडलिंगमुळे स्नायूंची वेदना आणि ताठरपणा काही दिवस ते काही आठवडे कमी होऊ शकतो.
- व्यायामासोबत तिचा उपयोग दिसतो. ती व्यायामाची जागा घेऊ शकत नाही.
- फाटलेला स्नायू किंवा तुटलेले लिगामेंट ती जोडत नाही. वेदना थांबणे म्हणजे मैदानावर परतण्याची परवानगी नव्हे.
- किरकोळ त्रास नेहमीचे, गंभीर धोके दुर्मीळ. छातीच्या आसपासच्या सुईबाबत विशेष सावध राहावे.
- उपचार नोंदणीकृत आणि प्रशिक्षित व्यक्तीकडूनच, निदान झाल्यानंतर घ्यावा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या दुखापतीबाबतचा निर्णय डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*